जालना रोडवरचं जेवण

सिडको, औरंगाबाद
२८ एप्रिल १९८७

प्रिय शमशाद,

हे पत्र भांडायलाच घेतलंय. साठ वर्षांची झाले म्हणून लेकानं हॉटेलात जेवण ठेवलं. कुणाला बोलवायचं म्हणून विचारलं तर मी एकच नाव सांगितलं, आणि नेमकी तीच आली नाही.

हॉटेलच्या दारातच श्रीरंग म्हणाला, "आई, शमशादखालाचा निरोप आलाय. महेजबीनच्या पोराला ताप भरलाय, त्या येत नाहीत." निरोप कुणी आणला ते विचारणार होते, तेवढ्यात पाहुणे पुढं झाले आणि राहून गेलं. कसा आहे छोटा सरफराज? त्याच्या आजीला म्हणावं, तापाचं कारण मंजूर, पण राग अजून गेलेला नाही.

आता जेवणाचं ऐक. आपण बोर्डाचे पेपर तपासायला यायचो तेव्हा जालना रोडला ज्वारी उभी असायची, आठवतं? तिथं आता चार मजली हॉटेल झालंय. आमच्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. आणि हॉटेलच्या दारात कारंजं! निळे-तांबडे दिवे सोडलेलं. माझं सगळं लक्ष तिकडंच. वेटरनं दोनदा विचारलं, "माँजी, सूप?" मला ऐकूच आलं नाही.

पाहुणे म्हणजे कोण, ते तुला सांगायचं राहिलं. श्रीरंगसाठी एक स्थळ आलंय. मुलीचं नाव मृण्मयी, इथंच बँकेत आहे. मुलीनं आणि यानं एकमेकांना पसंत केलंय. तिचे आईवडील सेलूकर, मूळ परभणीचे, आता पुण्याला असतात. ते नेमके त्याच दिवशी यायचे ठरले, म्हणून श्रीरंगनं त्यांनाही जेवायला बोलावलं. त्यांच्याच मोटारीतून मी हॉटेलात गेले.

सेलूकरबाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आम्ही बाहेरचं सहसा खात नाही हो." मग कुणी काय मागवायचं? सेलूकर तर तोंड वाकडं करून बसलेले. चार शब्द बोलले असतील तर शपथ. नुसतं सूप घेत राहिले. भाज्या दोन आल्या, दोन्ही तांबड्या, दोन्हींची चव एकच. रोटी गार होऊन चामड्यासारखी झालेली. मग केक आला. त्यावर इंग्रजीत माझं नाव, त्यात एक अक्षर जास्तीचं. वाजवणारे येऊन गाणं म्हणायला लागले, साऱ्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. केकवरची मेणबत्ती झाली तरी दिवाच तो, फुंकून विझवायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं, मी आपला हातानं वारा घातला. त्यावर सेलूकरबाई म्हणाल्या, "यात अंडं असतं ना?" झालं! केक तसाच परत गेला.

पण एकंदरीत छान झालं. पोरानं हौसेनं केलं होतं. तू असतीस तर घरी येऊन आपण दोघी पोट धरून हसलो असतो. घरी आल्यावर मी आणि श्रीरंग दोघंही काही न बोलता झोपलो.

कय्युमभाईंना नमस्कार सांग. गुडघे कसे आहेत त्यांचे?

तुझी
भानू


कन्नड
५ मे १९८७

भानू,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे.

तुझं भांडण कबूल. सरफराजला ताप होता, आता बरा आहे, अंगणात उड्या मारतो. ओळखीचा एक ट्रकवाला औरंगाबादला निघाला होता, त्याच्याजवळ निरोप दिला. नीट पोचला म्हणायचा.

वाढदिवस झाला हे बरं झालं. साठ वर्षं म्हणजे काय कमी उम्र आहे? अल्ला तुला आणखी देवो. मुलगी चांगली वाटते. बँकेतली आहे म्हणजे हुशारच असणार. घरात सून आणायला तू केव्हापासून अधीर झाली होतीस, आता तोंड गोड कर.

इकडं रोजे सुरू झालेत आणि ऊन असं, की दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आपल्या मधल्या भिंतीलाही. तुझ्या घरात आता तहसीलचा कारकून राहतो. माणूस भला आहे, पण भिंतीवर टकटक केली तर त्याला वाटतं उंदीर आहेत. शिवनेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. ऊसच नव्हता, त्यामुळं साखर कारखान्याचा भोंगाही लवकर बंद पडला. टँकर येतो तेव्हा बायका अशा भांडतात की तू असतीस तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतंस.

कय्युमसाहेब बरे आहेत. रोजा सोडायची वेळ झाली, जास्त लिहीत नाही.

तुझी
शमशाद


कन्नड
५ मे १९८७

श्रीरंग बेटा,

हे पत्र तुझ्या घरी न पाठवता वाळूजला कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून फाडून टाक.

तुझ्या आईचं पत्र आलं. त्यातून मला कळलं, की तू तिला सरफराजच्या तापाचं सांगितलंस. मला तू हॉटेलच्या फाटकाशी म्हणालास, आईला चक्कर आली, जेवण रद्द केलंय. मी म्हटलं, मग घरी चल, तिच्या उशाशी बसते. तू म्हणालास, डॉक्टरांनी गोळी दिलीय, कुणी भेटायचं नाही. मी म्हटलं, मी नुसती बाहेरच्या खोलीत बसून राहीन. तेव्हा तू रिक्षा थांबवलीस, माझी पिशवी उचलून आत ठेवलीस आणि म्हणालास, "खाला, तुम्ही समजून घ्या."

रिक्षा वळली नाही तोच पांढऱ्या मोटारीतून तुझी आई उतरली. चांगली ठणठणीत होती.

मी तिला यातलं काही कळवलेलं नाही. तापाचंच पुढं रेटलं. लेकराच्या नावानं अशी झूठ बोलायची, तीही रमजानात, मनाला फार लागलं. पण माझ्यापायी आई-लेकात भांडण नको. तूही तेच धरून ठेव.

तुला रागवायचा मला काय हक? पण एवढं लिहिल्याशिवाय राहवत नाही. काय समजून घ्यायचं ते तू दोन दिवस आधी कार्ड टाकून सांगितलं असतंस, तर मी आपणहून आले नसते. दोन तास एस.टी.त उभी राहून आले नसते.

खाला


औरंगाबाद
२५ मे १९८७

प्रिय शमशाद,

कुठून सुरुवात करू कळत नाही. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली.

आपल्या शाळेचा शिपाई कारभारी परवा घाटी दवाखान्यात डोळे दाखवायला आला होता, तो घरी येऊन गेला. चहा पिता पिता म्हणाला, "बाई, तुमच्या शमशादबाई मागल्या म्हैन्यात मला हितं स्टँडावर भेटल्या की. रविवार व्हता. शेवटच्या गाडीला बसल्या. लई छान साडी नेसल्या व्हत्या. म्या म्हन्लं, कुठं लगीन व्हतं का? तर म्हन्ल्या, व्हय, लगीनच व्हतं. पर चेहरा तसा नव्हता, बाई."

तो रविवार म्हणजे माझ्या जेवणाचाच दिवस.

संध्याकाळी श्रीरंग आला. मी सरळ विचारलं, "शमशाद आली होती का?" त्यानं बूट काढले, हात धुतले, मग आत जाऊन तुझं पत्र आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. फाडलं नव्हतं त्यानं. मी वाचेपर्यंत तो समोर उभाच होता, लहानपणी गणित चुकल्यावर उभा राहायचा तसा.

मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, "सकाळची माझी शाळा असताना तुला कुणी सांभाळलं? तुला गोवर निघाला तेव्हा कुणी रजा काढली? तिला रिक्षात घालून परत पाठवताना तुझी जीभ कशी झडली नाही?"

तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आई, मी चुकलो. पण सेलूकर येणार म्हणून सांगितल्यावर तू मला काय म्हणाली होतीस, आठव."

शमशाद, मला आठवलं. मी म्हणाले होते, "अरे, मग शमशादचं कसं करायचं?"

एवढंच म्हणाले होते. तिला येऊ देऊ नको, असं म्हटलं नव्हतं. पण प्रश्न पडला तो मला आधी पडला. तुला बोलावलेलं होतं, तू येणार होतीस, त्यात करायचं काय होतं? पोरानं माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर काढलं आणि आईला वाईटपणा नको म्हणून स्वतःच्या हातानं उरकलं. मग मी त्याला कुठल्या तोंडानं बोलायचं?

आणि आणखी एक. हे तुला लिहिलं नाही तर हेही पत्र फाडावं लागेल. दारात तो म्हणाला, खाला येत नाहीत, तेव्हा माझा जीव हलका झाला. क्षणभरच, पण झाला. सेलूकरबाई मोटारीत सोवळंओवळं, गुरुवारचे उपास असलंच काहीबाही सांगत होत्या. मी वाटभर मनात घोकत होते, की शमशादची ओळख कशी करून द्यायची. शेजारीण म्हणायचं, की शाळेतल्या एक बाई म्हणायचं. मैत्रीण हा शब्द माझ्या तोंडी बसेना. म्हणून निरोप कुणी आणला हे मी विचारलं नाही. राहून गेलं असं तुला लिहिलं, ते खोटं.

मला तुझी माफी मागायची आहे. पत्रातून नाही, समोर येऊन. श्रीरंगलाही आणते. कधी येऊ ते कळव.

भानू


कन्नड
१२ जून १९८७

भानू,

तुझं पत्र ऐन ईदेच्या गडबडीत आलं. जवाब मुद्दाम लांबवला. रागात लिहिलं की माझं मराठी बिघडतं, हे तुला माहीत आहे. तूच शिकवलंस ते.

तू खरं लिहिलंस, मग मीही लिहिते.

श्रीरंगचा मला राग नाही, असं मी आधी समजत होते. आहे. पण तो पोराचा राग आहे, उतरेल. त्या संध्याकाळी मी रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, जरा रुको. सडकेच्या पलीकडं एका झाडाआड रिक्षा उभी राहिली. तू मोटारीतून उतरलीस. मोरपंखी साडी, हातात पाकीट. तू वळून सडकेकडं बघितलंस. मला वाटलं, मला शोधते आहे. मी हात वर करणार होते, भानू. अर्धा केलाही होता. मग श्रीरंग तुझ्याजवळ येऊन काही बोलला, तू मान हलवलीस, पदर सारखा केलास आणि आत गेलीस. पुन्हा वळून बघितलं नाहीस. मी चोरासारखी बसले होते. शरम तुला वाटायला पाहिजे होती, वाटली मला. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा कय्युमसाहेब जागेच होते. मुक्कामाला गेलेली बाई परत कशी आली? म्हटलं, परक्या गादीवर मला झोप येत नाही. महेजबीन मागंच लागली, अम्मी, काय काय होतं सांगा ना. मग मी सांगत बसले. पनीरची भाजी होती, पुलाव होता, आइस्क्रीम तीन रंगांचं. भानूनं मला शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं. सगळं पोटात भूक ठेवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मोहल्ल्यात सांगत सुटली, अम्मीला मोठ्या हॉटेलात दावत होती. बायका मला विचारतात अजून. आणि मला एकेका बाईला तेच जेवण पुन्हा वाढावं लागतं.

आता तुला जे कळत नाही ते सांगते. ईदेला मी शिजलेला शीरखुर्मा तुझ्या घरी कधी पाठवला नाही. कोरड्या शेवया, खारीक, साखर पाठवायचे, तुझं तू शिजवून घ्यायचीस. दिवाळीला तू फराळ द्यायचीस, मी आनंदानं खायचे. तू माझ्याकडं चहा घ्यायचीस, जेवायची नाहीस. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती रेघ उघडी होती, दोघींना दिसत होती. श्रीरंग माझ्या घरी खिचडी खायचा, ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुझ्या मुकुंदरावांना, त्याच्या वडिलांना, माहीत नाही असं आपण तिघं मिळून दाखवायचो. त्यातही हसू होतं. या वेळी रेघ माझ्या पाठीमागं ओढलीस. मला दिसू नये म्हणून.

ये म्हणून लिहीत नाही. तू आलीस, की रडशील. तू रडलीस, की मला म्हणावं लागेल, जाऊ दे. आणि ते अजून जात नाही.

शमशाद


औरंगाबाद
२० जुलै १९८७

प्रिय शमशाद,

येऊ नको म्हणालीस, आले नाही. लिहू नको म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहिते. जवाब दिला नाहीस तरी वाचशील, एवढी आशा आहे.

जुलै निम्मा सरला, पाऊस नाही. इथं पाण्यासाठी आता दोन दिवस थांबावं लागतं. तरी रोज नवी इमारत उठतेच आहे. बांधकामाला कुठून पाणी मिळतं देव जाणे.

काल सेलूकर मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवायला आली होती. चहा झाला, पंचांग उघडलं. मी म्हटलं, "थांबा. आधी मला काही सांगायचं आहे." श्रीरंगनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली, पण अडवलं नाही.

मी सगळं सांगितलं. तू कोण, आपण कशा राहिलो, त्या दिवशी काय झालं, आणि ते कुणामुळं झालं. माझा तो प्रश्नही सांगितला.

सेलूकरबाई म्हणाल्या, "म्हणजे त्या बाई टेबलाशी असत्या तर आम्ही उठून गेलो असतो, असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

त्या म्हणाल्या, "उठलो नसतो. घरी जाऊन बोलले असते मात्र. खोटं कशाला सांगू?" मला त्या बाई पहिल्यांदा आवडल्या.

आणि सेलूकर! अगं, त्या दिवशी ते तोंड वाकडं करून बसले होते ते कशानं? नवी कवळी बसवलेली, हिरडीला जखम. आम्ही दोघं मायलेक त्या तोंडाला भीत होतो. माणूस काल मोकळा बोलला. म्हणाला, "भानुमतीबाई, माझी सगळी शाळा उर्दूत झाली. निजामाच्या राज्यात दुसरं होतं काय? आमचे मास्तर मौलवीसाहेब, त्यांच्या घरी मी अभ्यासाला असायचो. पुण्याला गेल्यापासून मन भरून उर्दू बोलायला माणूस मिळालेला नाही. तुम्ही उर्दू बोलणाऱ्या मास्तरीणबाईंना दारातून परत पाठवलंत?"

त्यांनी रागानं म्हटलं नाही, हळहळून म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. शमशाद, ज्यांच्या भीतीनं आम्ही ते केलं, ते तसे नव्हतेच. आम्हीच तसे होतो.

मृण्मयीनं श्रीरंगला सगळ्यांसमोर विचारलं, "मग खाला काय म्हणाल्या तुम्हाला?"

तो म्हणाला, "मी अजून गेलो नाही."

"अजून? एप्रिलपासून?"

"काय तोंडानं जाऊ?"

ती म्हणाली, "उद्या माझ्या घरचं कुणी तुम्हाला चारचौघांत अडचणीचं वाटलं, तर त्यांनाही रिक्षात बसवाल. मला विचार करू द्या." तिनं स्वतःच पंचांग मिटलं.

श्रीरंग आज कामावर गेला नाही. मी त्याला काही म्हटलं नाही. बोलायचा हक मलाही उरलेला नाही.

तू नको म्हणालीस तरी पुढच्या महिन्यात मी येणार आहे. रडणार नाही. तुला 'जाऊ दे' म्हणावं लागणार नाही. दार उघडलं नाहीस तर दुपारच्या गाडीनं परत जाईन.

भानू


कन्नड
१६ ऑगस्ट १९८७

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

मी गुरुवारी इथं सुखरूप पोचले. आज रविवार. दोन दिवसांत येते म्हणाले होते, आणखी काही दिवस राहीन म्हणते. डाळ-तांदूळ डब्यात आहेत, गॅसचा कॉक झोपताना बंद करत जा.

मी आले तेव्हा शमशादनं दार उघडलं. मला वाटलं होतं, रागावेल, नाहीतर दार लावून घेईल. तिनं तसलं काही केलं नाही. हसून म्हणाली, "या. या ना. बसा. गाडीला गर्दी होती का? तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

श्रीरंग, तीस वर्षांत तिनं मला कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाही. नोकरीला लागलो त्या दिवसापासून 'तू' आहे. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासमोरसुद्धा ती मला 'ए भानू' म्हणायची.

बैठकीच्या खोलीत मला बसवलं. चांगले कप काढले, बशीत बिस्किटं मांडली. कय्युमभाई बिचारे अवघडून गेले. ते दोनदा म्हणाले, "अरे शमशाद, ये क्या तकल्लुफ है?" ती म्हणाली, "मेहमान आहेत." मी काही बोलायला तोंड उघडलं, की ती विचारायची, "चहा आणखी घेता का?" रात्री माझ्यासाठी धुतलेली चादर घातली. मी खोलीत एकटी पडून राहिले. मधल्या भिंतीपलीकडं आपलं जुनं घर, अलीकडं मी पाहुणी.

जेवायच्या वेळी म्हणाली, "तुमचा स्वयंपाक गल्लीतल्या जोशीबाईंना सांगू का? त्या आनंदानं करतील." मी म्हटलं, "जे शिजलंय ते वाढ." तिनं वाढलं, मी जेवले. मला वाटलं, याचं तिला काही वाटेल. तिनं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना तुमच्या चवीला?" बस्स. तेवढंच.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. माफी मागायला आले होते आणि माफी मागायला ती जागाच देईना. नीट वागत होती, आणि ते नीट वागणं अंगाला काट्यासारखं रुतत होतं. त्या दिवशी फाटकाशी तू तिच्याशी असाच नीट वागला असशील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आज सकाळी टँकर आला. सगळी गल्ली हंडे-कळश्या घेऊन पळाली. शमशादची कंबर धरली होती, म्हणून मी म्हटलं, मी जाते. ती म्हणाली, "तुम्ही कशाला? राहू द्या." मी ऐकलं नाही. मोठा हंडा घेऊन रांगेत उभी राहिले. ती मागून घागर घेऊन आलीच. पाइपाला माणसं लोंबकळत होती, पण माझा हंडा कसाबसा भरला. कितीतरी वर्षांत उचलला नव्हता. कमरेवर घेताना पाय घसरला आणि भरलेला हंडा तसाच्या तसा रस्त्यावर आडवा. पाणी मातीत गेलं. बघता बघता जिरलं.

आणि शमशाद ओरडली. साऱ्या गल्लीसमोर, शाळेतल्या त्या आवाजात. "भाने! डोळे फुटले का तुझे? एक हंडा धरता येत नाही तुला? माणसं इथं घोटाघोटासाठी मरतात आणि तू रस्ता शिंपतीस! सरक, सरक तिकडं!"

कोपऱ्यावरच्या सांडूची आई म्हणाली, "अगं शमशादबी, पाहुण्या बाईला असं बोलत्यात का?"

शमशाद माझा हंडा उचलत होती. वर न बघताच म्हणाली, "पाहुणी कुठली? ही भानू आहे."

मी रस्त्यात चिखलानं माखून उभी होते. एवढी मोठी बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गल्लीतली पोरं फिदीफिदी हसत होती. मान वर करवत नव्हती. पण श्रीरंग, वाढदिवसाच्या त्या जेवणापासून आजवर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ती रडली, मी नाही. मी कबूल केलं होतं ना. बरंच बोललो. सगळं मिटलं असं नाही. मधूनच तिला काही आठवतं आणि ती गप्प होते, मग मीही गप्प बसते. महेजबीनला तिनं आज खरं काय झालं ते सांगितलं. ती पोर माझ्याशी अजून बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

मृण्मयीबद्दल मी तुला काही सांगणार नाही. तुझं तू बघ. तिला दाखवायला म्हणून मात्र इकडं येऊ नकोस. ते शमशादला लगेच कळेल.

तुझ्यासाठी तिचा निरोप आहे. तिनं सांगितला तसाच लिहिते. "त्याला म्हणावं, ये. एकटा ये, आईला पुढं करून येऊ नको. दार मी उघडीन. आत घ्यायचं की नाही ते तोंड बघून ठरवीन."

तेव्हा ये. काय बोलायचं ते पाठ करून येऊ नकोस.

तुझी
आई